निमे वेतन

दिवाळी अंक हाती पडतो त्याच सुमारास, नोव्हेंबर महिन्यात, सेवानिवृत्त मंडळींची एक वार्षिक वारी सुरू होते. बँकेत किंवा ट्रेझरीत जाऊन आपण जिवंत आहोत असे लिहून द्यायचे. ‘हयातीचा दाखला’ हे त्या कागदाचे नाव. त्यावरून विनोद पुष्कळ झाले आहेत आणि होत राहतील. परंतु ज्या दिवशी तो दाखला देणारा उरत नाही, त्या दिवसानंतर घरात जो अर्ज लिहिला जातो त्याच्यावर विनोद कोणी करीत नाही. पेन्शनीच्या आदेशात खालच्या बाजूला एक नोंद असते, पश्चात पेन्शन कोणाला मिळावयाची याची. पेन्शनीचा इतिहास सांगणारे बहुधा वरच्या आकड्यांचा इतिहास सांगतात. प्रस्तुत लेखात त्या खालच्या ओळीचा माग काढावयाचा आहे. तो काढताना आपल्या मुलखातून, म्हणजे बेळगाव-धारवाडच्या जुन्या दक्षिण मराठा मुलखातून, वारंवार जावे लागते. हे ओढूनताणून आणलेले नाही. इतिहासच तसा घडला आहे.

‘पेन्शन’ हा शब्द साहेबाबरोबर आला, वस्तू मात्र जुनी आहे. मराठेशाहीच्या कागदांत वर्षासन, नेमणूक, रोजीना असे शब्द पदोपदी भेटतात. निजामाच्या राज्यात नोकरी करून निवृत्त झालेला गृहस्थ स्वतःला ‘वजीफायाब’ म्हणवून घेई. हैदराबादेतील जुन्या मराठी घरांत हा शब्द अजून ऐकू येतो. या सर्व शब्दांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो ‘बालपरवेशी’. लढाईत पडलेल्या शिपायाच्या लेकरांच्या संगोपनासाठी करून दिलेली नेमणूक म्हणजे बालपरवेशी. शब्दातच हक्कदार कोण ते सांगितले आहे. दरबाराची मर्जी, धन्याचे औदार्य यांचा उल्लेखही त्यात नाही.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीस बसून जी बखर लिहिली, तीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची एक हकीकत आहे. १६५९ च्या त्या लढाईत जे लोक कामास आले त्यांच्या मुलांना महाराजांनी चालविले, आणि ज्यांना पुत्र नव्हते त्यांच्या बायकांना निमे वेतन करून दिले. जखमी झालेल्यांना जखम पाहून होन दिले. बखर म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे. निमे वेतन प्रत्यक्षात किती घरी आणि किती वर्षे पोहोचले हे तिच्यावरून सांगता येणार नाही. पण सतराव्या शतकाच्या अखेरीस एका मराठी कारकुनाला आपल्या धन्याची थोरवी सांगताना किल्ल्यांबरोबर आणि लुटीबरोबर विधवेचे निमे वेतनही सांगावेसे वाटले, एवढे तरी निश्चित. हे निमे वेतन वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

आता ब्रह्मावर्ताकडे जाऊ. ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव अशीरगडाच्या परिसरात सर जॉन माल्कमच्या छावणीत येऊन स्वाधीन झाला. माल्कमने ज्या अटी दिल्या त्यांत दोन गोष्टी होत्या. एक, वर्षाला ८ लाख रुपयांपेक्षा कमी पेन्शन असणार नाही. दुसरी, ही पेन्शन बाजीरावाच्या स्वतःच्या ‘आणि कुटुंबाच्या’ निर्वाहासाठी राहील. रक्कम फार मोठी झाली म्हणून माल्कमला त्याच्याच लोकांनी बोल लावला. ‘कुटुंब’ या शब्दाकडे त्या वेळी कोणी लक्ष दिले नाही. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. कानपूरजवळ बिठूर येथे गंगाकाठी तो राहिला, आणि चांगली बत्तीस-तेहेतीस वर्षे राहिला. पुण्याहून त्याच्यामागे गेलेली आश्रितांची वस्ती तेथेच वाढली. मोरोपंत तांबे आणि त्यांची कन्या मनू याच वस्तीतली. १८२७ मध्ये बाजीरावाने धोंडोपंतांना, म्हणजे नानासाहेबांना, दत्तक घेतले. जानेवारी १८५१ मध्ये बाजीराव वारला आणि कंपनीने पेन्शन बंद केली.

या निर्णयामागची डलहौसीची कारणे सरळ शब्दांत अशी होती. पेशव्याला इतक्या वर्षांत अडीच कोटींहून अधिक रुपये मिळाले, त्याच्यावर राज्याचा कोणताही भार नव्हता, औरस पुत्र नाही, आणि मागे २८ लाखांची मालमत्ता आहे. तेव्हा मागे राहिलेल्यांचा सरकारवर कसलाही हक्क उरत नाही. आजच्या पेन्शन कचेरीच्या भाषेत सांगायचे तर अर्जदाराला उत्पन्नाचे अन्य साधन आहे, सबब अर्ज नामंजूर.

नानासाहेबांनी डिसेंबर १८५२ मध्ये लंडनच्या डायरेक्टरांकडे जो अर्ज केला तो आपल्याकडे बंडाची प्रस्तावना म्हणूनच सांगितला जातो. तसा तो आहेही. परंतु वारसाच्या पेन्शनीचा अर्ज म्हणून तो वाचला तर त्यातला युक्तिवाद थक्क करणारा आहे. ही रक्कम म्हणजे दान नसून राज्याचा मोबदला आहे, हा पहिला मुद्दा. राज्य कायमचे घेतले आणि मोबदला मात्र एका माणसाच्या आयुष्यापुरता, हा कोठला व्यवहार? दुसरा मुद्दा कराराच्या शब्दांचा. ‘स्वतःच्या आणि कुटुंबाच्या’ असे लिहिले असता कुटुंब हयात असताना पेन्शन संपते कशी? तिसरा मुद्दा शिलकीचा. पेन्शनरने आपल्या पैशातून काय वाचविले, याची चौकशी सरकार आपल्या इतर पेन्शनरांच्या बाबतीत करते काय? मग पेशव्याच्याच का करावी? १८५३ मध्ये डायरेक्टरांनी नकार कळविला. नानासाहेबांचा वकील अजीमुल्ला खान लंडनपर्यंत जाऊन हात हलवीत परत आला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

झाशीच्या बाबतीत प्रकार उलटा. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले, आदल्या दिवशी घेतलेले दत्तविधान कंपनीने राज्यापुरते मानले नाही, आणि राणीला दरमहा ५,००० रुपयांची पेन्शन देऊ केली. वारसाहक्क नाकारायचा आणि विधवेला पोटगी द्यायची, असा हा तोडगा होता. त्या दत्तक मुलाचे, दामोदररावांचे, पुढचे सारे आयुष्य इंदुरात सरकारने बांधून दिलेल्या बेताच्या पेन्शनीवर गेले. ते १९०६ मध्ये वारले. इंदूरकर वाचकांना हे सांगण्याची गरज नाही.

राजेरजवाड्यांचे अर्ज निदान इतिहासात नोंदले गेले. त्यांच्याखालच्या माणसांचे काय झाले हे पाहायचे तर आपल्याच मुलखात परत यावे लागते. १८४३ च्या सुमारास दक्षिण मराठा मुलखात इनामांच्या चौकशीला सुरुवात झाली आणि १८५२ च्या अकराव्या कायद्याने तिला पुरे कायदेशीर बळ मिळाले. हेच ते इनाम कमिशन. जोशी, कुलकर्णी, देशपांडे, देवस्थानचे पुजारी, जुन्या शिलेदारांचे वंशज, विधवा, सगळ्यांना आपापली सनद घेऊन हजर व्हावे लागले. जमीन कोणी दिली, केव्हा दिली, देणाऱ्याला तसा अधिकार होता काय, आणि आज भोगणारा मूळ इनामदाराचा कोण लागतो, हे सारे सिद्ध करण्याचा भार भोगणाऱ्यावर. इंग्रजी अंमलापूर्वी साठ वर्षांची अखंड वहिवाट आणि नातवापर्यंतची परंपरा, अशी मोजमापे कायद्याच्या परिशिष्टात घालून दिली होती. आणि या चौकशीविरुद्ध दिवाणी कोर्टात जाण्याची वाट बंद होती.

सनद कोठे असणार? कोणाची पावसात गेली, कोणाची आगीत, कोणाची भाऊबंदकीत. कित्येकांकडे सनद कधीच नव्हती. गावाला माहीत होते, तेवढे पुरत होते. उलट सरकारच्या हाती पुण्याचे पेशवे दफ्तर होते. ते कमिशनच्या ताब्यात देण्यात आले आणि घरच्या कागदाचा पडताळा दफ्तरातील नोंदींशी घेण्यात येऊ लागला. ज्या पेशवे दफ्तराच्या जोरावर आमच्या इतिहासकारांनी मराठ्यांचा इतिहास उभा केला, ते दफ्तर जपले गेले याचे एक कारण इनामे काढून घेण्याचा पुरावा त्यात होता, ही गोष्ट आपण सहसा बोलत नाही. हजारो इनामे या चौकशीत गेली.

नरगुंदचे बाबासाहेब, म्हणजे भास्करराव भावे, यांनाही दत्तक नाकारण्यात आला होता. २९ मे १८५८ च्या रात्री त्यांनी पोलिटिकल एजंट मॅन्सनला सुरेबान येथे मारले. हा मॅन्सन पूर्वी इनाम कमिशनात काम केलेला अधिकारी होता. जूनमध्ये बेळगावात बाबासाहेबांना फाशी दिले गेले. मॅन्सनच्या वधामागे राजकारण होते, तशीच घरोघरी हिंडलेल्या त्या चौकशीची चीडही होती, असे मला वाटते. सरकारलाही ते उमगले असावे. १८६३ मध्ये मुंबई सरकारने दोन कायदे करून ठरावीक जुडी भरणाऱ्या इनामदाराला सनदेच्या चौकशीतून मोकळे होण्याची सोय ठेवली.

यानंतर आला १८७१ चा पेन्शन कायदा. नावावरून तो सेवानिवृत्तांच्या सोयीचा असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो इनाम कमिशनचाच धाकटा भाऊ. सरकारने दिलेली रोख नेमणूक किंवा सारामाफी यांच्यासंबंधी कोणताही दावा कलेक्टरच्या दाखल्याशिवाय दिवाणी कोर्टाने ऐकू नये, हे त्याचे चौथे कलम. न्यायासाठी कोर्टात जायचे तर ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचाच दाखला आधी आणायचा! त्याच कायद्यातले अकरावे कलम मात्र गरिबाच्या उपयोगी पडले, हेही सांगितले पाहिजे. सरकारी नोकराच्या पेन्शनीवर सावकाराची जप्ती येऊ शकत नाही, असे ते कलम सांगते. पुढची पेन्शन आधीच कोणाला लिहून दिली तर तो व्यवहार रद्द समजावा, हे बारावे कलमही त्याच धर्तीचे. चौथे कलम कर्त्या पुरुषांना आठवत असे. अकरावे घरातल्या बायकांना.

एव्हाना पेन्शनीचा अर्थच बदलत चालला होता. जुन्या घराण्यांचे तनखे एकेका मृत्यूबरोबर मिटत गेले आणि शाळामास्तर, कारकून, पोस्टमन, हवालदार असा नवा पेन्शनर वर्ग उभा राहिला. याची पेन्शन मात्र त्याच्याबरोबरच संपे. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन अठ्ठावन्नाव्या वर्षी गेलेल्या मास्तरांच्या बायकोला सरकारकडून पुढे काही येत नसे. म्हणून लोक आपापली सोय पाहू लागले. कलकत्त्यास १८७२ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या पुढाकाराने ‘हिंदू फॅमिली अ‍ॅन्युइटी फंड’ निघाला तो याच पोटी. टपाल खात्याने १ फेब्रुवारी १८८४ पासून आपल्या नोकरांसाठी आयुर्विमा सुरू केला. प्रॉव्हिडंट फंड आले. हे सर्व उपाय नोकराच्या पगारातून कापलेल्या पैशाचे. सभासदाच्या बखरीतले निमे वेतन सरकारच्या तिजोरीतून होते, हा फरक लहान नाही.

लष्करातील गोष्ट निराळी, आणि बेळगावकरांच्या अधिक जवळची. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुट-अल-अमारा येथे जनरल टाउनशेंडची जी फौज वेढ्यात सापडली, तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. हजारो हिंदी शिपाई कैदेत नेले गेले आणि त्यांतले पुष्कळ वाटेत किंवा तुर्की छावण्यांत संपले. रणात पडलेल्याची बातमी येते. कैदेत नेलेल्याची येत नाही. मग कोकणातल्या, साताऱ्याकडच्या किंवा खानापूर-चंदगडकडच्या एखाद्या घरातल्या बाईने स्वतःला काय समजावे? कुंकू ठेवावे की पुसावे, हा एक प्रश्न, आणि सरकारला काय लिहावे, हा दुसरा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे काही वार्ता नसेल तर माणूस मृत धरता येई. बेपत्ता नोकराच्या कुटुंबाने सात वर्षे थांबू नये, वर्षभरानंतर कुटुंबपेन्शन मिळावी, असा केंद्र सरकारचा आदेश १९८६ मध्ये निघाला. आता ती मुदत पोलिसांत तक्रार दिल्यापासून सहा महिने इतकी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या नियमांनी कुटुंबपेन्शनीला सुरुवात केली, पण ती मोजक्या वर्षांपुरती. खरी योजना १ जानेवारी १९६४ ची. केंद्राच्या या योजनेत दरमहा २०० रुपयांहून कमी पगार असलेल्या नोकराच्या विधवेला पगाराच्या ३० टक्के, पण निदान २५ रुपये, अशी तरतूद होती. त्याबदली नोकराने ग्रॅच्युइटीतले दोन महिन्यांचे पैसे सोडायचे. येथेही आधी कापून घेणे आलेच. आणि ज्याने योजना पत्करली नाही, किंवा जो तिच्याआधीच निवृत्त झाला होता, त्याच्या बायकोला काही नाही. पत्करायची की नाही हे ठरविणारा नवरा. परिणाम भोगणारी बायको. २२ सप्टेंबर १९७७ पासून ही कपात बंद झाली.

दरम्यान कोर्टाचे दार किलकिले झाले होते. १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नव्हे, ती नोकराची मालमत्ता आहे. १७ डिसेंबर १९८२ चा नकारा खटल्याचा निकाल तर सर्व पेन्शनरांना तोंडपाठ असतो. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित हिशेब लागू नाही, अशी रेघ सरकारने ओढली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती पुसली. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन म्हणजे पूर्वी केलेल्या सेवेचे देणे, हा त्याचा गाभा. १७ डिसेंबर हा ‘पेन्शनर दिन’ म्हणून पाळला जातो तो यावरूनच.

मात्र आपण ज्या खालच्या ओळीचा माग काढीत आहोत, तिच्या दृष्टीने नकारा खटल्याइतकाच महत्त्वाचा १९८५ चा एक निकाल आहे आणि त्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. श्रीमती पूनमल आणि इतर विधवांनी तो खटला चालविला. नवऱ्याने योजना पत्करली नव्हती किंवा त्याच्या वेळी ती नव्हतीच, म्हणून ज्यांचे हात रिकामे राहिले होते, त्या विधवांनाही २२ सप्टेंबर १९७७ पासून कुटुंबपेन्शन मिळावी, असे त्यात ठरले. बिठूरच्या अर्जात ‘कुटुंब’ या शब्दावर जो दावा उभा होता, तो अखेर या बायकांनी जिंकला, असे म्हटले तर इतिहासाची फार ओढाताण होणार नाही.

राज्याचा मोबदला हा नानासाहेबांचा दुसरा मुद्दा मात्र एकदा जिंकून हरला. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचा राष्ट्रपतींचा आदेश माधवराव शिंदे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द ठरविला. पुढच्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने ते तनखे कायमचे गेले. त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ग्वाल्हेरकर वाचकांपैकी काहींचे मत वेगळे असेल. असो.

आता १ नोव्हेंबर १९५६ कडे येऊ. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने या दिवशी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हैदराबाद राज्याचे तर तीन तुकडे तीन राज्यांत गेले. या घटनेची राजकीय बाजू या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तिची कारकुनी बाजू क्वचितच सांगितली जाते. कायद्यात पेन्शनींचे ओझे कोणत्या राज्याने किती उचलायचे याची तरतूद होती. ११५ व्या कलमात असेही होते की पुनर्रचनेपूर्वीच्या सेवेच्या अटी केंद्राच्या पूर्वसंमतीशिवाय नोकराच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. कागदावर व्यवस्था चोख होती. पण मुंबई राज्याच्या नियमांखाली नोकरीला लागलेला, चंदगड, हुक्केरी, बेळगाव अशी एकाच जिल्ह्यात बदली होत गेलेला मनुष्य एका सकाळी दोन राज्यांत विभागला गेला. सेवापुस्तकाची आधीची पाने एका राज्याची, पुढची दुसऱ्याची. एका पानावरची सही पडताळायची तर पत्र मुंबईला की बंगळुरूला? बडोद्याच्या नोकरांनी हे १९४९ आणि १९६० असे दोनदा पाहिले. इंदूर-ग्वाल्हेरच्या नोकरांनी १९४८ आणि १९५६ असे दोनदा.

नोकर स्वतः जिवंत असेतो हा घोळ निस्तरता येत असे, कारण कोणत्या साली कोठे होतो हे त्याला पाठ असे. त्याच्या पश्चात ते कोण सांगणार? शिवाय भाषा. सेवापुस्तक इंग्रजीत, जन्माची आणि लग्नाची नोंद मराठीत, क्वचित मोडीत, हैदराबादकडची उर्दूत, आणि नवा वारसा दाखला कन्नडमध्ये. जिल्ह्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले होते. या ठरावाचा आपल्याकडे किती अंमल झाला हे ज्याने त्याने आपल्या तालुक्याच्या कचेरीतील फलक पाहून ठरवावे.

या सर्वांहून चिवट अडचण नावाची आहे. आमच्या जुन्या रिवाजाने लग्नात मुलीचे नावच बदलले जाई. माहेरची द्वारका सासरी लक्ष्मी झाली. नवऱ्याने सेवापुस्तकात ‘लक्ष्मीबाई’ लिहिले, शाळेच्या दाखल्यावर ‘द्वारका’ राहिली, शिधापत्रिकेवर घरचे लाडके नाव ‘अक्काताई’ आले. कन्नड नोंदीत आडनाव आधी आले किंवा गळलेच. इंग्रजीत उतरताना ‘बाई’ कधी जोडली गेली, कधी तुटली. चाळीस वर्षे एका घरात नांदलेल्या बाईने, ही तिन्ही नावे माझीच, असे मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून द्यायचे. इनाम कमिशनसमोर सनद घेऊन उभ्या राहिलेल्या कोणा देशपांडीणबाईंची आठवण येथे मला हटकून होते.

गोवामुक्तीच्या सत्याग्रहींचीही हीच गत. १९५४-५५ मध्ये सत्याग्रहींच्या तुकड्या बेळगावमार्गे गोव्याकडे जात होत्या, हे जुन्या बेळगावकरांना आठवत असेल. १९७२ मध्ये केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू केली. १९८० मध्ये तिचे नाव ‘सन्मान’ पेन्शन झाले आणि उत्पन्नाची अट गेली. तुरुंगवास सहा महिन्यांचा हवा. स्त्रियांना तीन महिन्यांची सवलत. पुरावा तुरुंगाचा, तो नसेल तर बरोबरच्या कैद्यांचा दाखला. परंतु पोर्तुगीज तुरुंगाचा दाखला कोणाकडे मागायचा? आणि भूमिगत असलेल्या माणसाने आपण सापडत नव्हतो याचा सरकारी कागद आणायचा कोठून? २००१ मध्ये गुरदयाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की अशा अर्जदारांकडून फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. तोवर अर्जदारांपैकी कित्येकांच्या जागी त्यांच्या पत्नी आल्या होत्या.

केंद्रीय नोकरांसाठी १ जानेवारी २००४ पासून आणि कर्नाटकात १ एप्रिल २००६ पासून नव्या भरतीची जुनी पेन्शन बंद झाली आणि पगारातून कापून बाजारात गुंतविण्याची राष्ट्रीय पेन्शन पद्धती आली. महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला तो जुन्या पेन्शनीसाठीच. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने एकीकृत योजना आणली असून तीत पेन्शनरच्या मागे जोडीदाराला त्याच्या पेन्शनीच्या ६० टक्के मिळावयाचे आहेत. जुन्या केंद्रीय नियमांखाली असलेला नोकर सेवेत असताना गेला, तर त्याच्या कुटुंबाला पहिली दहा वर्षे शेवटच्या पगाराच्या ५० टक्के आणि पुढे ३० टक्के मिळतात. पन्नास टक्के म्हणजे निमे वेतन. सभासदाच्या विधवेला मिळाले तेवढेच. मुदत मात्र दहा वर्षांची.

हयातीचा दाखला नोव्हेंबर २०१४ पासून बोटाच्या ठशावर देता येतो, आणि भांडी घासून रेषा झिजलेल्या बोटांना यंत्र ओळखीत नाही म्हणून आता चेहऱ्यावरूनही देता येतो. पेन्शनीच्या आदेशावरची खालची ओळ मात्र कोणतेही यंत्र दुरुस्त करीत नाही. तेथे पत्नीचे नाव कोणते लिहिले आहे, ते आधारपत्रावरच्या नावाशी जुळते काय, जन्मतारीख आहे काय, बँकेचे खाते दोघांचे आहे काय, ही तपासणी पेन्शनर हयात असताना त्याच्या एका अर्जाने होते. या नोव्हेंबरात बँकेत जाल तेव्हा आदेशाची प्रत बरोबर न्यावी, आणि घरच्या मंडळींनाही न्यावे.